काचपेटीचे पाणी बदलताना तापमान सांभाळा



शेतीला जोड म्हणून शोभिवंत मासे पाळावेत असे अनेकांच्या मनात येते. पुण्यातून गप्पी, मोली किंवा गोल्डफिशची पिल्ले घ्यायची आणि स्वारगेटच्या एस.टी. स्थानकावरून भोर, बारामती किंवा साताऱ्याची गाडी धरायची. पिल्ले प्रवासात तगतात. पण घरच्या टाकीत सोडल्यावर दोन-चार दिवसांत मरू लागतात. आपण म्हणतो, ‘पाणी बाधले.’ पुष्कळदा बाधतो तो पाण्याच्या तापमानातील एकदम झालेला फरक. पुढे दर आठवड्याला पाणी बदलतानाही हाच धोका असतो.

माशाच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याप्रमाणे बदलते. हा बदल सावकाश झाला तर तो सोसतो. एकदम गार पाणी पडले की मासा सुस्तावतो, खाणे सोडतो आणि त्याची रोगप्रतिकारशक्ती घटते. मग अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू लागतात. म्हणून नवे पाणी आणि टाकीतील पाणी यांत 1 ते 2 अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक ठेवू नये. हाताने अंदाज करू नका. साधा थर्मामीटर वापरा.

आता थोडा हिशेब पाहू. 100 लिटरच्या टाकीत 26 अंशाचे पाणी आहे आणि नवे पाणी 18 अंशाचे आहे. 20 लिटर बदलले तर टाकी 24.4 अंशावर येते. 50 लिटर बदलले तर ती 22 अंशावर, म्हणजे एकदम 4 अंश खाली उतरते. म्हणून एका वेळी पाचव्या ते चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त पाणी बदलू नका.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे आदल्या दिवशी पाणी भरलेले पिंप टाकीशेजारी, त्याच खोलीत उघडे ठेवावे. रात्रभरात दोन्हींचे तापमान जवळ येते. नळयोजनेच्या पाण्यातील क्लोरीनही 24 तासांत बरेचसे उडून जाते. बोअरच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. त्यात हवेचा पंप लावावा.

थंडीत घाई असेल तर 18 अंशाच्या 9 लिटर पाण्यात 1 लिटर उकळते पाणी मिसळल्यास बादली सुमारे 26 अंशावर येते. हे मिश्रण बादलीतच करावे, थर्मामीटरने तपासावे आणि मगच ओतावे. मात्र तांब्याच्या बंबातील पाणी घेऊ नका. तांबे माशांना विषारी आहे. स्टीलचे पातेले वापरा.

उन्हाळ्यात उलटे घडते. उन्हात पडलेल्या पाइपातील पहिले पाणी किती तापलेले असते, हे आपण जाणताच. ते झाडांच्या आळ्यातही न सोडता बाजूला जाऊ द्यावे. गच्चीवरील टाकीचे पाणी दुपारी वापरू नये, सकाळी लवकर घ्यावे. 20 अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर 30 अंशाला साडेसातच. त्यामुळे गरम पाण्यात मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात.

पाणी काढण्यापूर्वी टाकीतील हीटर बंद करून थोडा वेळ थांबा. उघडा पडलेला तापलेला हीटर फुटतो आणि विजेचा धक्काही बसू शकतो. नवे पाणी बारीक रबरी नळीने सावकाश सोडा.

स्वारगेटहून आणलेली पिशवी गाडीत उन्हाच्या खिडकीशी ठेवू नका. घरी आल्यावर ती बंदच टाकीच्या पाण्यावर 15 ते 20 मिनिटे तरंगत ठेवा. नंतर तोंड उघडून दर पाच मिनिटांनी टाकीतील वाटीभर पाणी तीत घाला. शेवटी जाळीने फक्त मासे टाकीत सोडा. पिशवीतील पाणी टाकून द्या.

बियाणे निवडून आणावे आणि वाफसा न पाहता पेरावे, तसे माशांचे करू नका. थर्मामीटर आणि पाण्याचे एक पिंप एवढ्या तयारीने पिल्लांवर केलेला खर्च वाया जाणार नाही.