मयतांची यादी कोणी करावयाची ?

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सरकारच्या गोळीने माणसे मेली म्हणजे मागाहून चौकशी बसते. न्यायमूर्ती येतात, वकील येतात, बंदुकवाल्यांचे साहेब येऊन जबान्या देतात, वर्तमानपत्रांचे रकाने भरतात. पण ज्या घरातला कर्ता गेला त्या घराला कोणी विचारतो काय ? आणि विचारले तरी त्या घरच्या बाईने एकटीने उठून कचेरीत जावे आणि माझा धनी अमुक ठिकाणी मेला असे सांगावे, हे तिच्याने होते काय ? आज आम्ही बोलणार आहोत ते एवढ्याच गोष्टीवर. त्यासाठी अमृतसरची हकीकत घेतली आहे. जालियनवाला बागेचे नाव शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. परंतु गोळीबारानंतर मयतांच्या दारी कोण गेले, हे फारसे कोणी सांगत नाही.

तारीख १३ एप्रिल १९१९, बैसाखीचा सण. शहरात गुरांचा बाजार भरला होता, तो पोलिसांनी दुपारीच बंद करविला. खेड्यापाड्यांतून आलेले पुष्कळ शेतकरी मग बागेत जाऊन टेकले. सभाबंदीचा हुकूम सुटला आहे, हे त्यांतल्या कित्येकांच्या कानीही नव्हते. जनरल डायर पन्नास बंदुकवाले घेऊन आला, इशारा न देता त्याने गोळ्या घालण्यास सांगितले, सुमारे दहा मिनिटांत १६५० गोळ्या झाडल्या आणि तो परत गेला. जखमींना उचलण्याची कसलीही तजवीज केली नाही. वर रात्री आठनंतर घराबाहेर पडण्याची मनाई !

बागेशेजारी रतनदेवी नावाची बाई राहात होती. गोळ्यांचा आवाज ऐकून ती धावली. प्रेतांच्या ढिगांतून तिला नवऱ्याचे प्रेत सापडले. खाट आणावयास तिने शेजारची पोरे पाठविली, पण आठ वाजून गेले आणि कोणी बाहेर पडेना. एका शिखाने हात दिला, तेव्हा दोघांनी मिळून ते प्रेत रक्तातून उचलून कोरड्या जागी ठेवले. मग कुत्री हाकलण्यासाठी हातात बांबूची काठी घेऊन ही बाई रात्रभर तेथे बसली. जवळच बारा वर्षांचा एक मुलगा विव्हळत होता, मला सोडून जाऊ नका म्हणत होता. त्याने पाणी मागितले. पाणी तेथे कोठचे? ही हकीकत आज आपल्याला ठाऊक आहे, कारण पुढे कोणीतरी रतनदेवीजवळ बसले, तिचे ऐकून घेतले आणि ते लिहून ठेवले.

आता दुसरी गोष्ट पाहा. अमृतसरला लष्करी कायदा लागला तो जूनपर्यंत. लोकांना फटके मारले, एका गल्लीतून पोटावर सरपटत जावयास लावले. शहरातल्या वकिलांना स्पेशल कॉन्स्टेबल करून राबविले. मग गरिबाचा अर्ज लिहिणार कोण? बाहेरून आलेल्या अँड्र्यूज साहेबांनाही मे महिन्यात अडवून परत पाठविले. अशा वेळी माझा भाऊ बागेत मेला असे सांगणे म्हणजे माझा भाऊ बंदी घातलेल्या सभेला गेला होता असे सरकारदरबारी कबूल करणे. त्यामुळे लोकांनी आपापली प्रेते मुकाट्याने उचलली आणि तोंडे मिटली. सरकारने मेलेल्यांची मोजदाद करण्यास हात घातला तोच चार महिन्यांनी, ऑगस्टात. ज्यांनी मारले त्यांच्याच दारी जाऊन मेलेल्यांची नावे लिहून द्यावयाची. कोण जाईल ?

सरकारचा सुरुवातीचा आकडा तीनशेच्याही आत होता. तो वाढला कसा ? अलाहाबादच्या सेवा समितीचे लोक गल्लोगल्ली, घरोघर फिरले. या समितीत पुढाकार पंडित मदनमोहन मालवीयांचा. जातिधर्माच्या बाबतीत हे गृहस्थ किती कर्मठ होते ते आपण जाणता, आणि त्यांच्या त्या मतांशी आमचा मेळ कधी बसणार नाही. तरी हे काम चोख झाले, ते चोखच म्हटले पाहिजे. या यादीच्या आधारे सरकारला ३७९ मयत कबूल करावे लागले. त्यांतले सुमारे ८७ बाहेरचे अगर आसपासच्या खेड्यांतले होते. या ८७ वर आमचे मन अडते. शहरातल्या माणसाचे दार गल्लीत असते, शेजारी सांगतो की या घरचा गेला. बाजाराला आलेला शेतकरी परत आला नाही, तर त्याचे नाव अमृतसरच्या कोणत्या गल्लीत सापडणार ? आमच्या मते सर्वांत जास्त नावे गळाली असतील ती याच लोकांची. आकड्यांचा वाद आजही मिटलेला नाही.

पुढे चौकशा दोन झाल्या. सरकारची हंटर कमिटी १९१९ च्या ऑक्टोबरअखेर बसली. तुरुंगातल्या पुढाऱ्यांना चौकशीपुरते तरी सोडा, ही मागणी सरकारने नाकारली, म्हणून काँग्रेसने तिच्यावर बहिष्कार घातला. बहिष्काराला कारण होते, यात शंका नाही. पण त्यामुळे हंटर साहेबांपुढे मुख्यतः अंमलदारच बोलले. डायरने १९ नोव्हेंबरला लाहोरास छाती पुढे काढून जबानी दिली. विधवांचे म्हणणे बाहेर राहिले. ते घेतले काँग्रेसच्या कमिटीने. गांधी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि आपल्या मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर असे चौघे तिच्यात होते. सतराशेंहून अधिक साक्षी त्यांनी तपासल्या आणि सुमारे साडेसहाशे छापल्या. ज्या हकीकतीचा पडताळा पटला नाही ती सरळ बाजूला ठेवली. दुःखाच्या भरात माणूस दहाचे शंभर सांगतो, आणि समोरचा वकील त्या एका शंभरावर बोट ठेवून सगळ्या साक्षीच खोट्या ठरवितो; म्हणून हा कडकपणा मयतांच्या घरांच्याच हिताचा होता. काँग्रेसचा आणि आमच्या चळवळीचा त्या काळी उभा दावा, हे सर्वांस माहीत आहे. त्यापायी ही मेहनत नाकारणे हा शुद्ध अन्याय होईल.

आणि डायरचे काय झाले ? नोकरीतून त्याला जावे लागले, तेव्हा १९२० साली विलायतेतल्या एका वर्तमानपत्राने त्याच्यासाठी फंड उघडला आणि सव्वीस हजार पौंडांवर रक्कम जमविली. आपल्या माणसामागे उभे कसे राहावयाचे, हे त्या लोकांना कोणी शिकवावे लागले नाही !

हे सारे पंजाबातले आणि गोऱ्या साहेबाच्या राज्यातले, असे कोणी म्हणेल. तर ११ जुलै १९९७ रोजी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात काय झाले ? बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून लोक रस्त्यावर आले आणि राखीव पोलिसांच्या गोळ्यांनी दहा माणसे मेली. राज्य आपले, पोलीस आपले. गुंडेवार आयोग बसला, त्याने गोळीबार गैरवाजवी ठरविला. तरी गोळीबाराचा हुकूम देणारा अंमलदार न्यायालयात दोषी ठरण्यास २००९ साल उजाडले, आणि त्यानंतर तो जामिनावर सुटलाही. बारा वर्षे ! रोजंदारीवर पोट असलेल्या घराने बारा वर्षे तारखांना कशाच्या बळावर जावे ?

म्हणून आमचे सांगणे व्यवहारातले आहे. असा प्रसंग कोठेही, कोणत्याही जातीच्या वस्तीवर येवो, पहिल्या आठ दिवसांत नावांची यादी आपल्या हाताने झाली पाहिजे. नाव, गाव, वय, धंदा, प्रेत कोणी कोठे पाहिले, आणि सांगणाराचा अंगठा. बाहेरगावच्या माणसांसाठी निरोप त्यांच्या गावी धाडावा. जबानी लिहिली की ती त्या बाईला तिच्याच बोलीत वाचून दाखवावी; तिने मान हलविली म्हणजे तिला समजले, असे धरू नये. कचेरीत ती एकटी जाऊ नये, बरोबर दोघी बाया असाव्यात. वर्गणी काढावयाची तर ती तेराव्यापुरती काढू नये, तारखांपुरती काढावी, आणि तिचा हिशेब दर महिन्याला चावडीवर वाचावा. तारीख सुगीत पडली तर तिच्या शेतातली कापणी कोणी करावयाची, आणि घर लोहाराचे किंवा सुताराचे असेल तर भाता कोणी चालवावयाचा, रंधा कोणी धरावयाचा, हे आदल्या रात्रीच ठरवून तिला सांगावे, म्हणजे ती सकाळी निर्धास्त निघेल.