पलटणीत गेलेल्या पूर्वजाचा शोध
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाकडे गावाकडचे पाहुणे आले, म्हणजे त्यांना इंडिया गेट दाखविणे हे एक कर्तव्यच होऊन बसते. त्या कमानीखाली मान वर करून उभ्या राहिलेल्या पाहुण्यांपैकी एखादा तरी म्हणतो, की आमच्या घरातलाही एक जण पहिल्या महायुद्धात गेला होता. त्याचे नाव येथे असेल काय? तीन पिढ्या या शहरात काढल्यामुळे हा प्रश्न आम्ही पुष्कळदा ऐकला आहे. त्याचे उत्तर ‘बहुधा नाही’ असे आहे, आणि ते तसे का आहे हे सांगण्यासाठीच आज आम्ही आपल्यासमोर उभे आहोत.

त्या महायुद्धात भारतातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली आणि सत्तर हजारांहून अधिक परत आली नाहीत. इंडिया गेट हे त्या सर्वांचे स्मारक खरे. १९२१ साली त्याचा पाया घातला गेला आणि १९३१ साली त्याचे अनावरण झाले. परंतु त्याच्या दगडावर नावे कोरलेली आहेत ती तेरा हजारांच्या थोडी वर, आणि तीही मुख्यत्वे वायव्य सरहद्दीवर व १९१९ च्या अफगाण युद्धात कामी आलेल्यांची. आपल्या मराठा पलटणींचा मोठा भाग लढला आणि मेला तो मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. कोकणातल्या आणि साताऱ्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी त्या साऱ्या मुलखाला एकच नाव होते : बसरा.

तेव्हा शोध घ्यायचा तो बसऱ्याकडे तोंड करून. तेथेही एक स्मारक आहे. शत-अल-अरब नदीच्या काठी, बसऱ्याच्या उत्तरेस माकिल येथे ते १९२९ साली उभे राहिले; पुढे १९९७ साली तेथल्या राजवटीच्या आज्ञेने ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर, सुमारे बत्तीस किलोमीटर दूर वाळवंटात नेऊन मांडण्यात आले. चाळीस हजारांहून अधिक मृतांचे हे स्मारक. त्याच्या भिंतीवर ब्रिटिश शिपायांची नावे एकेक करून कोरलेली आहेत. हिंदी अंमलदारांची, म्हणजे सुभेदार-जमादारांची, नावेही आहेत. पण हवालदार, नाईक आणि शिपाई यांच्या बाबतीत पलटणीचे नाव आणि त्यापुढे ‘आणखी इतके हिंदी सैनिक’ असा आकडा, एवढ्यावरच काम भागविण्यात आले.

दगड कमी पडला असे कोणी म्हणेल, तर ते खरे नव्हे. फ्रान्समध्ये न्यव्ह शापेल येथे १९२७ साली उघडलेल्या स्मारकावर चार हजार सातशेंहून अधिक हिंदी सैनिकांची नावे कोरलेली आहेत. युरोपात मेला त्याला नाव मिळाले आणि इराकात मेला त्याला आकडा. या स्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात या भेदभावामागे वंशद्वेषाची वृत्ती होती असे स्वच्छ मान्य केले आणि क्षमाही मागितली. शंभर वर्षांनी का होईना, हे बरे झाले. पण क्षमा मागितल्याने भिंतीवर नाव उमटत नाही.

आणि हा आकड्यांचा व्यवहार केवळ बसऱ्यालाच झाला असे नाही. सातारा जिल्ह्यात किंवा कोकणात आपल्या गावी गेलात, तर चावडीवर, शाळेच्या भिंतीत किंवा देवळाच्या आवारात संगमरवराची एक लहानशी पाटी आढळते काय ते पाहा. ‘या गावातून महायुद्धास इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले’, अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर इंग्रजीत असतो. गावाचा आकडा आहे, माणसाचे नाव नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला तर या महायुद्धात कामी आलेल्या शेहेचाळीस जणांमुळे ‘मिलिटरी अपशिंगे’ हे नाव पडले.

हे लोक गेले का, असा प्रश्न तरुण मंडळी विचारतात. हिंदी फौज सक्तीच्या भरतीची नव्हती. कागदोपत्री प्रत्येक जण स्वेच्छेने गेला. १९१४ साली पायदळाच्या शिपायास महिना अकरा रुपये पगार होता. ज्या कोकणात घरच्या शेतीचा भात वर्षभर पुरत नसे, तेथील धाकट्या भावापुढे वाटा दोनच होत्या : मुंबईची गिरणी किंवा बेळगाव-पुण्याची पलटण. याला स्वेच्छा म्हणावयाचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. लढाई लांबली तसा भरतीचा आग्रह वाढला. १० जून १९१८ रोजी मुंबईत गव्हर्नर विलिंग्डन यांनी बोलाविलेल्या युद्धपरिषदेत लोकमान्य टिळक स्वराज्याचा मुद्दा काढू लागले तेव्हा त्यांना मध्येच थांबविण्यात आले आणि ते सभा सोडून निघून गेले, हे आपल्याला पाठ्यपुस्तकांतून ठाऊक आहे. त्या वेळी ज्यांच्याविषयी हा वाद चालला होता, ते शिपाई मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत आले नाहीत.

आता शोधाच्या वाटेकडे वळू. पहिली गोष्ट पलटणीची. घरातली वृद्ध माणसे जो आकडा सांगतात तो जपून ठेवावा, कारण त्यात सारे इंगित असते. १९०३ साली किचनेरने फौजेची फेररचना केली, तेव्हा मुंबई फौजेतील पलटणींच्या आकड्यांत शंभर मिळविले : तिसरीची एकशे तिसरी झाली, पाचवीची एकशे पाचवी, दहावीची एकशे दहावी, सतरावीची एकशे सतरावी. शिपायांच्या तोंडून जुना आकडा गेला नाही. एकशे पाचवीला आजही ‘काली पाँचवी’ म्हणतात. पुढे १९२२ साली या सर्वांची एक रेजिमेंट झाली आणि पुन्हा आकडे बदलले : एकशे तिसरी, म्हणजे जंगी पलटण, पहिली झाली, एकशे पाचवी दुसरी झाली, एकशे दहावी तिसरी झाली, एकशे सतरावीला ‘रॉयल’ हा किताब मिळून ती पाचवी झाली. एकशे दहावीचे नशीब तर आणखी फिरले. १९५२ साली ती पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली. म्हणून ‘आमचे आजोबा दहाव्या पलटणीत होते’ एवढ्यावर जो वारसदार आजची दहावी बटालियन शोधू लागतो, तो भलत्याच दारावर थाप मारतो.

दुसरे असे, की मराठा पलटणीत केवळ मराठेच नव्हते, दख्खनी मुसलमानही होते. उलट मुंबई सॅपर्समध्ये आणि पायोनियर पलटणींत मराठे पुष्कळ होते. महार समाजाची भरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली होती. ती महायुद्धाच्या निकडीमुळे १९१७ साली पुन्हा सुरू झाली आणि १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज संपताच १९२१ साली ती मोडण्यात आली. ज्यांच्या घरी पलटणीचे नाव ठाऊक नाही, त्यांनी या सर्व शक्यता ध्यानात घ्याव्यात. आणि ‘बोटीवर गेला’ असे ज्यांच्याविषयी सांगतात, ते पलटणीत मुळी नसतीलच. व्यापारी जहाजांवर बुडालेल्या दोन हजारांवर खलाशांचे स्मारक मुंबईत, खलाशांच्या वसतिगृहात आहे. रत्नागिरीकडच्या मंडळींनी तिकडे जरूर चौकशी करावी.

आमच्या स्वतःच्या घराचा अनुभव येथे थोडा विस्ताराने सांगतो, कारण त्यात शोधाची सारी रीत आली आहे. आमच्या पणजोबांचे धाकटे बंधू खेड तालुक्यातून ‘दहाव्या पलटणीत’ गेले आणि बसऱ्याहून परतले नाहीत, एवढेच आम्हांस ठाऊक होते. घरच्या देव्हाऱ्यात एक रुप्याचे पदक होते. असल्या पदकाच्या कडेवर, जेथे कोणी पाहत नाही तेथे, शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक इंग्रजी अक्षरांत ठोकलेली असते. आमच्याकडे ते दर सणाला देवांच्या उपकरण्यांबरोबर चिंचेने घासले जाई. शंभर वर्षांच्या त्या भक्तीने कडेवरची निम्मी अक्षरे पुसून गेली होती. सुदैवाने नंबर शाबूत होता. माताभगिनींना विनंती, की घरात असे पदक असेल तर ते घासू नका. तिरप्या उजेडात भिंगाखाली धरून कड वाचा आणि वाचलेले लगेच लिहून ठेवा. रुपे म्हणून सोनाराकडे गेलेली पदके तर किती असतील, त्याची गणती नाही.

भिंतीवर नाव नसले तरी कमिशनच्या नोंदवहीत पुष्कळ शिपायांची नावे आहेत, आणि ती आता घरबसल्या संगणकावर पाहता येते. नोंदी इंग्रजीत : अमक्याचा मुलगा, अमके गाव, अमका तालुका, अमका जिल्हा. लिहिणारा कारकून परमुलखातला, त्यामुळे गावांच्या नावांची दशा विचारू नये. आडनाव कधी असते, कधी नसते. जिल्हे जुने : रायगड सापडणार नाही, कुलाबा सापडेल, सिंधुदुर्ग नाही, रत्नागिरी किंवा सावंतवाडी संस्थान. आमच्या पूर्वजाच्या नावाचे त्याच पलटणीत दोघे निघाले. बापाचे नावही मिळतेजुळते होते. कडेवरच्या नंबराने निवाडा केला. गावाच्या नावातली दोन अक्षरे उलटसुलट झालेली, पण गाव आमचेच.

त्या नोंदीत एक तारीख होती; १९१६ च्या ऑगस्टमधली. तिचा अर्थ लावण्यास कुतचा इतिहास आठवला पाहिजे. पुण्याची सहावी डिव्हिजन जनरल टाऊनशेंडच्या हाताखाली बगदादवर चालून गेली. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉन येथे तिला माघार घ्यावी लागली आणि ती कुत-अल-अमारा या गावात अडकली. एकशे तिसरी, एकशे दहावी आणि एकशे सतरावी या तिन्ही मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. वेढा १४७ दिवस चालला. अन्न संपत गेले, घोडे मारून खाण्याची पाळी आली. आपले बहुतेक शिपाई धर्मापायी ते मांस अखेरच्या आठवड्यांपर्यंत नाकारीत राहिले आणि हाडांचे सापळे झाले. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. अधिकाऱ्यांना वेगळे काढण्यात आले आणि साध्या शिपायांना भर उन्हात वाळवंटातून चालविण्यात आले. रास-अल-ऐन येथे लोहमार्गाच्या कामावर कित्येक हिंदी कैदी खपले. ऑगस्टमधली ती तारीख या वाटेवर कोठे तरी पडते.

आमच्या घरी त्यांच्या पत्नी, सर्वांच्या धाकट्या आजी, १९५८ पर्यंत हयात होत्या. सरकारने दिलेली पेन्शन त्या अंगठा उठवून घेत. ते सरकारचे देणे आहे असे म्हणत. कुंकू मात्र त्यांनी अखेरपर्यंत पुसले नाही, कारण डोळ्यांनी पाहिलेला माणूस सांगावयास आला नाही. त्या गेल्यानंतरच घरात त्यांच्या यजमानांचा म्हाळ घालण्यास सुरुवात झाली, तोही तिथी ठाऊक नसल्याने सर्वपित्री अमावास्येला.

आता तारीख मिळाली. पंचांग काढून तिथीही काढता आली. तिथीवर श्राद्ध करावे असे आम्हांस वाटले. गावाकडचे थोरले काका म्हणाले, कैदेत गेलेल्यांच्या तारखा पुष्कळदा सोबत्यांच्या सांगण्यावरून किंवा अनुमानाने भरलेल्या असतात. कोणा कारकुनाने अंदाजाने लिहिलेल्या आकड्यासाठी काकूने बेचाळीस वर्षे जे मानले नाही, ते आपण मानावयाचे काय? या प्रश्नावर घरात एकमत झालेले नाही. म्हाळ अमावास्येलाच चालू आहे. आमच्या घराण्याच्या वंशावळीत मात्र त्यांच्या नावापुढे नंबर, पलटण आणि ती तारीख आम्ही लिहून घेतली आहे. तारखेपुढे ‘सरकारी नोंदीप्रमाणे’ हे शब्द काकांच्या आग्रहाने घातले.

दिल्लीकरांना काही सोयी आहेत. जनपथावरील राष्ट्रीय अभिलेखागारात सैन्यखात्याची जुनी दफ्तरे आहेत. त्यांत धोरणे, हुकूम आणि पत्रव्यवहार मिळेल; एकेका शिपायाची चौकशी तेथे क्वचितच फळास येईल. युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन ही संस्थाही याच शहरात आहे आणि या महायुद्धाचा तेथे चांगला अभ्यास झाला आहे. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. पण तेथे पत्र लिहिण्यापूर्वी पलटणीचा तेव्हाचा आकडा हाती हवा. एका कचेरीने आम्हांस ‘नोंद उपलब्ध नाही’ असे एका ओळीचे उत्तर दिले. पुढे त्याच माणसाची नोंद दुसरीकडे मिळाली. तेव्हा पहिल्या नकाराने थांबू नये.

पंजाबचा दाखला आम्हांस वारंवार आठवतो. पंजाबातून गेलेल्या सुमारे तीन लाख वीस हजार सैनिकांच्या गाववार याद्या लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या. त्यांतल्या काही २०२१ साली संगणकावर खुल्या होताच इंग्लंड-कॅनडात राहणारे पंजाबी आपले गाव त्यांत शोधू लागले. आपल्या मंडळाच्या सभासदांत कोकणातली, सातारा-कोल्हापूरकडची, बेळगावची शेकडो कुटुंबे आहेत. गावाशी संबंध विरळ होत चालला आहे, आणि ज्यांनी ही नावे कानांनी ऐकली ती पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे.

म्हणून कार्यकारी मंडळाच्या संमतीने आम्ही एक वही ग्रंथालयात ठेवली आहे. प्रत्येक पानावर रकाने आखले आहेत : पूर्ण नाव, बापाचे नाव, गाव, जुना तालुका व जिल्हा, पलटणीचा ऐकीव आकडा, पदक असल्यास कडेवरचा मजकूर, आणि हे सारे कोणी सांगितले त्याचे नाव. ठाऊक असेल तेवढेच भरावे, उरलेले कोरे सोडावे. वृद्ध मंडळींना लिहिणे जमत नसेल, तर रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही ग्रंथालयात बसतो. पदक बरोबर आणल्यास भिंग आमच्यापाशी आहे.