दोन तापमापकांची साक्ष

डोंगर चढत जावे तसतशी हवा गार होत जाते, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. दर किलोमीटरमागे तापमान सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. परंतु हिवाळ्यातील निरभ्र, निवांत रात्री जमिनीलगत हा क्रम उलटतो. सूर्यास्तानंतर भूमी आपली उष्णता आकाशात सोडून देते. तिला लागून असलेली हवा थंड व जड होते आणि वरच्या थरात मात्र दिवसाची ऊब शिल्लक राहते. हीच तापमानाची विपरीतता. खालची जड हवा वर चढू शकत नाही. गावावर जणू अदृश्य झाकण बसते.

या झाकणाखाली काय घडू शकते, हे लंडनने ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत पाहिले. चुलींचा व कारखान्यांचा कोळशाचा धूर तेथेच कोंडला आणि तेव्हाच्या गणनेनुसारच सुमारे ४,००० माणसे दगावली. १९८४ च्या २ व ३ डिसेंबरमधील रात्री भोपाळात गळलेला वायू मुळातच हवेहून जड होता. थंड, संथ हवेत तो विरून न जाता निजलेल्या वस्त्यांवर जमिनीलगत पसरला.

अशी रात्र आधी ओळखावी कशी? येथे एकटा तापमापक निरुपयोगी ठरतो. तो थंडी सांगेल. पण वर ऊब आहे की नाही, हे सांगणार नाही. म्हणून मोकळ्या जागी, झाडे व भिंती यांपासून दूर, एक खांब उभारावा. एक तापमापक जमिनीपासून दोन मीटरांवर व दुसरा दहा मीटरांवर बसवावा. जोडीला वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र असावे; कारण वारा सुटला की थर मिसळतात व झाकण उडते. जेथे दरी आहे, तेथे एक केंद्र तळाशी व एक उतारावर ठेवणे अधिक उपयुक्त. थंड हवा पाण्यासारखी सखल भागाकडे वाहते.

दोन्ही तापमापक खांबावर चढविण्यापूर्वी काही दिवस शेजारी शेजारी ठेवून ताडून घ्यावेत. आपल्याला शोधायचा फरक कधी अर्ध्या अंशाचाही असतो. यंत्रांतच तेवढी तफावत असेल, तर साक्षच खोटी ठरेल. दोहोंवर एकसारखे, हवा खेळती ठेवणारे आच्छादन हवे.

उंचीचा हा प्रश्न किती नाजूक आहे, हे एल. ए. रामदास या भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी १९३२ साली दाखविले. निवांत रात्री सर्वांत थंड हवा थेट जमिनीवर नसून, कित्येकदा तिच्यापासून थोडी वर असते, असे त्यांना आढळले. ग्रंथांतील समजुतीला तापमापकाने दिलेले ते उत्तर होते.

या ज्ञानाचा शेतकऱ्यालाही लाभ आहे. निफाडकडील द्राक्षबागांत कडाक्याच्या थंडीत पहाटे शेकोट्या पेटवितात. विपरीतता असताना एक मोठी आग लावली, तर तिची ऊब झाकण भेदून वर निघून जाते. अनेक लहान शेकोट्या ती बागेतच राखतात. काही देशांत तर उंच पंख्यांनी वरची उबदार हवा खाली ओढून घेतात. वरचा थर उबदारच नसेल, तर तो खर्च व्यर्थ. निर्णय पुन्हा त्या दोन आकड्यांवरच येतो.

शासकीय कामात यंत्राच्या खरेदीची तरतूद सहज होते. आच्छादन पुसणाऱ्या माणसाची राहून जाते. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की पहाटे तीन वाजता वरचा आकडा खालच्यापेक्षा मोठा दिसला, तर तो कोणी कोणाला कळवायचा? कारखान्याने धूर सोडणे केव्हा थांबवायचे, नगरपालिकेने कचरा जाळण्यास केव्हा मनाई करायची, हे खांब उभारण्यापूर्वीच लेखी ठरलेले असावे. तसे ठरलेले असेल, तर दोन तापमापकांचा हा साधा खांब एखाद्या गावाला पुरेसा आधी सावध करू शकेल.