पंचमी सरली, तरी फुगडी चालूच

अंबड तालुक्यातल्या शहागडहून, गोदाकाठावरून, आम्ही एका बचत गटातल्या बाया तुमच्याशी बोलतोय. आजचा विषय आहे वजनाचा आणि व्यायामाचा. हसू नका. आधी आम्हीही हसलोच होतो.

गेल्या शिमग्याच्या सुमारास आशाताई घरोघर फॉर्म भरत आल्या. तीस वर्षांपुढच्या सगळ्यांचा हा फॉर्म भरतात. तंबाखू खाता का, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, असं विचारतात आणि टेप लावून कंबर मोजतात. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असली तर ठीक, ९० च्या वर गेली तर धोका जास्त, असा त्यांचा हिशोब. आमच्यातल्या निम्म्याहून जास्त जणी ८० च्या पुढं निघाल्या. मग ताईंनी विचारलं, "आठवड्यातून निदान १५० मिनिटं व्यायाम होतो का?"

आम्ही म्हणालो, "ताई, पहाटेपासून राबतोय. अजून कसला व्यायाम?"

पण घरी येऊन विचार केला. जातं गेलं, गिरणी आली. पाटा गेला, मिक्सर आला. शेतात जायचं तर मोटारसायकलवर मागं बसून. खुरपणीनं कंबर मोडते हे खरं, पण ती हंगामापुरती. बाकी भाकरी, निवडणं-टिपणं, शिवणकाम सगळं बसून. काम संपलं नाही, पण दम लागणारं काम कमी झालं. आणि चहातली साखर होती तेवढीच राहिली.

एक गोष्ट आधीच सांगतो. ऊसतोडीला जाऊन दिवसभर मोळ्या वाहणाऱ्या बहिणींना आम्ही व्यायाम शिकवत नाही. त्यांना विसावा आणि पोटभर अन्न हवं. हे बोलणं आमच्यासारख्यांसाठी आहे.

तपासणीत आमच्यातल्या एकीची शुगर काठावर निघाली. तिच्या आईला शुगर होती. पायाची जखम चिघळली आणि शेवटी पाय काढावा लागला. ती म्हणाली, "आईला उचलून न्हाणीत न्यायचे मी. माझ्या पोरींवर ती वेळ यायला नको." त्या दिवसापासून आमचं हसणं थांबलं.

पहिल्यांदा आम्ही चालायला निघालो. पण आमच्या गावावरून धुळे-सोलापूर हायवे जातो. उसाच्या ट्रॉल्या, ट्रक, कर्णकर्कश हॉर्न. पदर सांभाळायचा की जीव? आठ दिवसांत निम्म्या गळाल्या. पुढं ऊन तापलं आणि उरलेल्याही घरी बसल्या. मग मोबाइलवर बघून व्यायाम केला. ती मोबाइलमधली पोरगी कधी जमिनीवर लोळायची, कधी उड्या मारायची. घरात सासरे बसलेले, आपण कसं लोळायचं? शिवाय एकटीनं करताना सारखं घड्याळाकडं लक्ष जायचं. कंटाळा आला की एक दिवस चुकायचा, मग दुसरा चुकायचा.

असं करत श्रावण आला. नागपंचमीला नेहमीसारखा फेर धरला, झिम्मा झाला, फुगड्या झाल्या. पाऊण तास कसा गेला कळलं नाही. घामानं पोलकी भिजली. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या अशा दुखल्या की एकमेकींकडं बघून हसू आलं. तेव्हा ती काठावरची मैत्रीण म्हणाली, "अगं, हाच की व्यायाम! पंचमीपुरता का ठेवायचा?"

तेव्हापासून आठवड्यातले पाच दिवस, भाकऱ्या टाकायच्या आधी, अर्धा तास आम्ही एकीच्या अंगणात जमतो. पाच दिवस अर्धा अर्धा तास म्हणजे बरोबर १५० मिनिटं.

आमचा क्रम असा. पहिली पाच मिनिटं सावकाश फेर, अंग मोकळं होईपर्यंत. मग पाच मिनिटं झिम्मा, त्यात हातही चालतात आणि पायही. मग फुगडी, दमानं. वीस-पंचवीस गिरक्या, थोडं थांबायचं, मग उलट्या बाजूनं तेवढ्याच. मग पिंगा, कंबर वाकवून. बसफुगडी फक्त ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी. शेवटी पुन्हा सावकाश फेर आणि पाच मिनिटं शांत बसून श्वास.

आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम जोडतो. बाजेवर बसायचं आणि हात न टेकता उठायचं, दहा वेळा. भिंतीला हात टेकून अंग पुढं न्यायचं आणि मागं रेटायचं, दहा वेळा. पाण्यानं भरलेल्या दोन बाटल्या खांद्यापर्यंत उचलायच्या. विकत काही आणायचं नाही.

खेळ किती जोरात खेळायचा, हे ओळखायची सोपी खूण आहे. खेळताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. गाणं सहज म्हणता आलं, तर जोर कमी आहे. दोन शब्दही बोलवेनात, तर जोर फार झाला, थांबा. आता तुम्ही म्हणाल, गाण्याशिवाय फेर कसा? म्हणून आम्ही दोन फळ्या केल्या. एक फळी गाते तेव्हा दुसरी खेळते, मग अदलाबदल.

या गाण्यांनीच एक अडचण सोडवली. पहिल्या आठवड्यात एका सासूबाई म्हणाल्या, "पंचमी होऊन गेली, आता कसल्या फुगड्या? लोक काय म्हणतील?" आम्ही वाद घातला नाही. म्हणालो, "आत्याबाई, आम्हाला फेराची गाणी अर्धीच येतात. तुम्ही सांगा." त्या ओट्यावर येऊन बसल्या. त्यांचे गुडघे गेलेत, पण गाणी सगळी पाठ. आता त्याच सुनेला हाक मारतात, "निघ गं, उशीर झाला."

आता काळजीचं. अंगण ओलं असेल किंवा फरशी गुळगुळीत असेल, तर फुगडी नको. पदर घट्ट खोचा. जेवल्यावर लगेच खेळू नका. दिवस गेलेल्या, नुकत्याच बाळंत झालेल्या, बीपी फार वाढलेल्या किंवा चक्कर येणाऱ्या बाईनं गिरक्या घेऊ नयेत. तिनं डॉक्टरांना विचारून नुसता सावकाश फेर धरावा. शुगरच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणारीनं जवळ साखर ठेवावी. हात थरथरले, दरदरून घाम फुटला, तर लगेच खावी. छातीत दुखलं तर खेळ तिथंच थांबवून दवाखाना गाठावा. रक्तही तपासून घ्या. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. अंगानं भरलेली बाई रक्तानंही भरलेली असते, असं नाही.

आणि नुसत्या खेळानं वजन उतरत नाही, हेही आम्ही शिकलो. अर्ध्या तासात जेवढं जळतं, तेवढं एका प्लेट भज्यांनी परत येतं. दिवसाचे चार कप चहा, दर कपात दोन चमचे साखर, म्हणजे आठ चमचे. आम्ही आधी अर्धी केली. तेलाची पळी लहान केली. ज्वारीची भाकरी सोडली नाही, ताटात भाजी आणि डाळ वाढवली. पोरांच्या ताटातलं उरलेलं संपवायची सवय मात्र मोडली.

आता संक्रांत होऊन गेली. पाच महिने झाले. आमच्यात कुणी दहा किलोनं उतरलं नाही. एकीचं वजन तीन किलोनं कमी झालं. एकीचं एक किलोही हललं नाही, पण पोलकं सैल झालं आणि झोप लागायला लागली. काठावरच्या मैत्रिणीची शुगर पुढच्या तपासणीत वाढलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, "हे सोडू नका."

काटा हलला नाही म्हणून निराश होऊ नका. अमेरिकेत २००२ साली छापून आलेल्या एका मोठ्या अभ्यासात शुगर काठावर असलेली माणसं होती. आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, खाण्यात बदल आणि वजन सात टक्क्यांनी उतरवायचं, असं त्यांना सांगितलं होतं. सात टक्के म्हणजे सत्तर किलोच्या बाईला पाच किलो. त्या माणसांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. चेन्नईच्या डॉक्टरांनी २००६ साली आपल्या देशातल्या लोकांचा असाच अभ्यास मांडला. तिथं वजन फारसं उतरलं नाही, तरी मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी झालं. म्हणजे काटा गप्प असला, तरी अंगात काम चालूच असतं.

बहिणींनो, माहेरी आलो की आपण फुगडी खेळतो आणि सासरी आलो की विसरतो. सासरच्या अंगणातही आपला अर्धा तास असावा. तो मागताना लाजू नका. आपण धड राहिलो, तर पोरींना आपल्याला उचलून न्यावं लागणार नाही.

येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले, की पासबुकं बाजूला ठेवा, पदर खोचा आणि एक फेर धरून बघा. पहिल्या दिवशी दहा मिनिटं पुरेत.