सफरमैना पलटणींचे बिल्ले कसे ओळखावेत
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



ज्ञातीतील लष्करी सेवेची नोंदवही तयार करण्याचे काम मंडळाने हाती घेतल्यापासून घरोघरच्या ट्रंकांतून जुने पितळी बिल्ले बाहेर येऊ लागले आहेत. प्रत्येक बिल्ल्याबरोबर एक कहाणीही येते. कहाणी पिढीगणिक वाढत जाते; बिल्ला मात्र आहे तेवढाच राहतो. म्हणून नोंद करण्यापूर्वी तो नीट वाचावा कसा, एवढेच आज आम्ही सांगणार आहोत.

विषय सफरमैना पलटणींचा आहे. ‘सॅपर’ हा शब्द फ्रेंच भाषेतून आला. वेढा दिलेल्या किल्ल्याच्या तटापर्यंत खंदक खणीत नेणारा तो सॅपर, आणि तटाखाली सुरुंग लावणारा तो मायनर. या जोडनावाचे आपल्या शिपायांनी ‘सफरमैना’ केले. काही घरांतून ‘आमचे आजोबा फौजेत होते, पण कुदळफावड्याच्या कामावर’ असे संकोचाने सांगितले जाते. या संकोचास काहीच कारण नाही. सैन्यापुढे जाऊन रस्ता मोकळा करणारा, गोळीबारात पूल बांधणारा आणि जमिनीतले सुरुंग हातांनी काढणारा सैनिक तो हाच.

इंग्रजी अमदानीत अशी तीन दले होती : बंगालचे ठाणे रुडकीस, मद्रासचे बंगळुरास आणि मुंबईचे आपल्या खडकीस. ही नावे जुन्या इलाख्यांची आहेत, माणसांची नव्हेत. रुडकीच्या दलात शीख, पठाण आणि पंजाबी मुसलमान यांचा मोठा भरणा असे. खडकीच्या दलात मराठ्यांच्या जोडीला शीख व मुसलमानही असत. बिल्ल्यावर ‘बंगाल’ आहे म्हणून आजोबा कलकत्त्यास राहत होते, असा तर्क कोणी करू नये.

पहिली खूण नावाची. 1903 साली या दलांना अनुक्रमे पहिले, दुसरे व तिसरे असे क्रमांक मिळाले आणि 1923 साली ते काढून टाकण्यात आले. तेव्हा क्रमांक असलेला बिल्ला या वीस वर्षांतला समजावा. मुंबईच्या दलास ‘रॉयल’ ही पदवी 1921 साली मिळाली. ‘रॉयल बॉम्बे’ अशी अक्षरे असतील तर बिल्ला त्यापूर्वीचा असू शकत नाही. पुढे 1946 साली तिन्ही दले ‘रॉयल इंडियन एंजिनियर्स’ या एका दलाचे विभाग झाली. 26 जानेवारी 1950 रोजी देश प्रजासत्ताक झाल्यावर ‘रॉयल’ हा शब्द आणि राजमुकुट दोन्ही गेले व अशोकस्तंभाचे सिंह आले.

दुसरी खूण मुकुटाची. 1901 साली सातवा एडवर्ड गादीवर आल्यानंतर बिल्ल्यांवरचा मुकुट घुमटासारखा गोल झाला. व्हिक्टोरिया राणीच्या काळी त्याच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या असत. तसला दबका मुकुट इंग्लंडात 1953 च्या सुमारास पुन्हा आला. परंतु तोपर्यंत आपल्या फौजेतून मुकुटच हद्दपार झाला होता.

येथे एक फसगत संभवते. मद्रासच्या दलाच्या बिल्ल्यावर राणीचे नाव दिसले की लोक तो राणीच्या अमदानीतला म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा ठरवितात. वस्तुतः ‘क्वीन व्हिक्टोरियाज ओन’ ही पदवी या दलास 1911 साली मिळाली. राणी तर 1901 सालीच निवर्तली होती. म्हणून नाव राणीचे आणि मुकुट गोल, असे दिसल्यास काळ राजांचाच समजावा.

तिसरी खूण ज्वाळा निघणाऱ्या गोळ्याची. इंजिनिअरांच्या गोळ्यास नऊ ज्वाळा असतात. इंग्रजी तोफखान्याच्या कॉलरवर असाच गोळा असे, परंतु त्याच्या ज्वाळा सात. ग्रेनेडियर पलटणीही गोळाच वापरीत. यास्तव ज्वाळा मोजाव्यात आणि खालच्या पट्टीवरील अक्षरे वाचल्यावाचून निर्णय देऊ नये. ‘पायोनियर’ असे नाव आढळल्यास ती पलटण वेगळी. त्या पलटणी 1933 पर्यंत मोडण्यात आल्या.

आता बिल्ला उलटा करावा. ठशाखाली दाबून काढलेल्या बिल्ल्याच्या पाठीवर पुढच्या नक्षीचा खोलगट उमटा दिसतो. ओतीव बिल्ला पाठीने भरीव असून त्यावर बारीक खळगे असतात. बाजारातील पुष्कळशा नकला ओतीव असतात हे खरे. पण आपल्याकडे स्थानिक कारागिरांकडून ओतून घेतलेले बिल्लेही शिपायांनी वापरले आहेत. तेव्हा केवळ ओतीव म्हणून घरचा बिल्ला खोटा ठरवू नये. आमच्या भगिनींना विशेष विनंती की, बिल्ला चिंचेने किंवा राखेने घासू नये. लखलखाट येतो, पण अक्षरे झिजतात, आणि बिल्ल्याचे सारे मोल अक्षरांतच आहे. कोरड्या मऊ फडक्याने पुसणे पुरे. वजनावर मोडीत तर मुळीच घालू नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगतो. बिल्ला पलटण सांगतो व अदमासे काळ सांगतो. तो माणसाचे नाव सांगत नाही, रणांगण सांगत नाही आणि पराक्रमही सांगत नाही. त्यासाठी सेवापुस्तिका, निवृत्तीचा दाखला किंवा पेन्शनचा कागद लागतो. कारवारजवळील चेंडिया गावचे राम राघोबा राणे 1940 साली मुंबईच्या सफरमैनात भरती झाले, आणि एप्रिल 1948 मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावरील सुरुंग व अडथळे दूर करून त्यांनी परमवीर चक्र मिळविले. त्यांच्या सेवाकाळात दलाचे नाव बदलले आणि मुकुट जाऊन सिंह आले. बिल्ल्यांवरून एवढा बदल कळेल. त्यांनी रस्त्यावर काय केले ते कागदावरूनच कळते.

म्हणून आमची सूचना अशी : नोंदवहीत दोन रकाने असावेत. एकात बिल्ला व कागद काय सांगतात ते लिहावे, दुसऱ्यात घरची मंडळी काय सांगतात ते लिहावे. दोहोंची सरमिसळ करू नये. ज्यांच्या घरी केवळ बिल्लाच उरला आहे त्यांनी पहिला रकाना दोन ओळींचाच ठेवावा. त्या दोन ओळी खऱ्या असतील, आणि नातवंडांना पुढचा शोध त्यांच्याच आधारे घेता येईल.