घरची बैठक आणि सूक्ष्म ध्वनिमुद्रण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संगीतावर बोलण्याची आज्ञा मंडळाने केली, तेव्हा एखाद्या गायकावर वा घराण्यावर आम्ही बोलू, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. आम्ही मात्र विषय निवडला आहे तो गायक आणि आपले कान यांच्यामध्ये उभ्या असलेल्या यंत्रसामग्रीचा. गेली काही वर्षे ‘हाय-रेझोल्यूशन’ या नावाने ध्वनिमुद्रणे विकली जात आहेत. त्यांना आम्ही सूक्ष्म ध्वनिमुद्रणे म्हणू. पुण्याबंगळूरकडे स्थायिक झालेल्या मुलांनी आणून दिलेली नवी यंत्रे भिलाईच्या सेक्टरांतील कितीतरी घरांत आता दिसतात, आणि त्यांतून खरोखरच अधिक काही ऐकू येते काय, हा प्रश्न मंडळाच्या कट्ट्यावर वारंवार निघतो. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही एका निराळ्याच जागी येऊन पोचलो. ती जागा म्हणजे मंडळाचे जुने कपाट. तेथे आपण शेवटी जाऊच.

प्रथम आकड्यांचा उलगडा करू. सोनी आणि फिलिप्स यांनी १९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आणली. तीत ध्वनिलहरीची उंची दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेली असते आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहिलेले असते. मोजणीचा जो वेग, त्याच्या निम्म्यापर्यंतची कंपने अशा आकड्यांतून पुन्हा उभी करता येतात, हा नाइक्विस्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा सिद्धान्त. म्हणजे डिस्कची झेप सुमारे २२,००० कंपनांपर्यंत जाते, आणि निरोगी तरुण कानाची मर्यादा २०,००० च्या आसपास आहे. बिटांच्या संख्येवर सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातील अंतर ठरते; १६ बिटांना ते सुमारे ९६ डेसिबल येते. सूक्ष्म ध्वनिमुद्रणात बिट २४ असतात आणि मोजणी सेकंदाला ९६,००० किंवा १,९२,००० वेळा होते. कागदावर पाहिले तर पारडे एका बाजूला पूर्णपणे झुकते.

पण ऐकणारे आपण कोण आहोत? या सभागृहातील पुष्कळांनी आयुष्याची तीस-तीस वर्षे कारखान्यात काढली आहेत. भट्ट्यांच्या परिसरात आणि रोलिंग मिलमध्ये ज्यांच्या पाळ्या झाल्या, त्यांच्या कानांचा आलेख काढला तर ४,००० कंपनांच्या आसपास खड्डा पडलेला पुष्कळदा दिसेल. सततच्या कारखानी आवाजाची ती ओळखीची खूण आहे. वयपरत्वे वरची टोके सर्वांचीच झिजतात, ती वेगळी. अशा कानांपुढे ४८,००० कंपनांची मेजवानी मांडणे म्हणजे कवळी बसवलेल्या माणसापुढे उसाचे कांडे ठेवण्यासारखे आहे. त्यात पुन्हा आपला उन्हाळा! एप्रिल ते जून खोलीत कूलर घरघरत असतो. त्या घरघरीच्या खाली जे जे हळुवार आहे, ते १६ बिटांचे असो की २४ बिटांचे, बुडूनच जाते. कूलर बंद करून मे महिन्यात मारवा ऐकणाऱ्या रसिकाला आमचा दंडवत. आम्ही ते डिसेंबरच्या रात्रींसाठी राखून ठेवतो.

तरुण कान आणि शांत खोली मिळाली तर काय होते, याचीही परीक्षा झालेली आहे. मेयर आणि मोरान या दोन अमेरिकनांनी २००७ मध्ये आपल्या प्रयोगांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. सूक्ष्म ध्वनिमुद्रण एकदा जसेच्या तसे ऐकवायचे आणि एकदा साध्या डिस्कच्या चाळणीतून गाळून ऐकवायचे, आणि श्रोत्याने कोणते कोणते ते ओळखायचे. ५५४ वेळा विचारले, २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले असते तरी एवढेच यश आले असते. पुढे २०१६ मध्ये लंडनच्या जोशुआ रीस यांनी अशा १८ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा अचूकतेचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले, आणि कान तयार केलेल्या श्रोत्यांत ते आणखी वाढलेले आढळले. तेव्हा फरक मुळीच नाही असे म्हणवत नाही. पण तो केसाएवढा आहे.

मेयर-मोरान यांच्या लेखातील एक निरीक्षण मात्र आम्हांस त्या साऱ्या आकड्यांहून मोलाचे वाटते. महागड्या सूक्ष्म तबकड्या बाजारातील सर्वसाधारण डिस्कपेक्षा खरोखरच सरस वाटत होत्या, आणि तरीही गाळून ऐकवल्यावर त्यांची सरसता कमी होत नव्हती! कारण उघड आहे. त्या तयार करणाऱ्या तंत्रज्ञांना मोकळा हात मिळाला होता. त्यांनी मूळ फीत काळजीपूर्वक निवडली होती, आवाज दाबून-दाबून सरसकट मोठा केला नव्हता. सरसता मोजणीच्या वेगात नव्हती, ती हाताच्या कसबात होती. आपणां भिलाईकरांस हे निराळे समजावून सांगावयास नको. पोलादाच्या ‘हीट’मध्येच हायड्रोजन राहून गेला, तर रुळाला पुढे कितीही झिलई द्या, पोटातली चीर जात नाही.

आपल्या संगीताचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गायसबर्ग यांनी कलकत्त्यास गौहरजानचे गाणे कर्ण्यातून मेणावर उतरवले. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आणि विद्युत् ध्वनिमुद्रण आले, तोपर्यंत त्या कर्ण्यातून साधारण अडीच हजार कंपनांच्या वरचे फारसे काही उतरत नसे. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले. त्यांच्या अखेरच्या वर्षांतील तबकड्या विद्युत् पद्धतीच्या आहेत, आणि जेमतेम तीन मिनिटांत तो झिंझोटी काय सांगून जातो! तेथे २४ बिटांचा प्रश्नच उद्भवत नाही. प्रश्न असतो तो त्या तबकडीवरून आजच्या फाइलीपर्यंत आणणाऱ्या माणसाने काय केले याचा. अठ्ठ्याहत्तरच्या म्हटल्या जाणाऱ्या तबकड्या प्रत्यक्षात नेमक्या ७८ फेऱ्यांच्या असतच असे नाही. वेग सहा टक्क्यांनी चुकला की काळी एकमध्ये गाणारा गवई पांढरी दोनमध्ये जाऊन बसतो आणि त्याचा आवाज उगाच कोवळा वाटू लागतो. खरखर पुसण्याच्या नादात कोणी अतिरेक केला, तर खरखरीबरोबर श्वास जातो, शब्दांतला ‘स’ जातो आणि गवई घशात कापूस कोंबून गात असल्यासारखा भासतो. खरखर असलेले, पण वेग अचूक असलेले उतरवणे आम्ही केव्हाही पत्करू.

मूळ फितीचे महत्त्व सांगण्यास केसरबाई केरकरांचे उदाहरण पुरेसे आहे. गोव्यातील केरी गावची ही मानी गायिका ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत मोठी नाखूष असे. तिचीच भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडीत अंतराळात गेली, आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरात बाई निवर्तल्या. पृथ्वीवरच्या रसिकांसाठी ही संपूर्ण तबकडी ओझ्मा रेकॉर्ड्सने २०१७ मध्ये काढली, ती जपून ठेवलेल्या मूळ मास्टर फितींवरून. कोणाच्या तरी झिजलेल्या प्रतीची प्रत, तिची पुन्हा प्रत, असा प्रवास तिला करावा लागला नाही.

आता अशी चांगली प्रत शोधायची कशी? ‘हाय-रेझोल्यूशन’ हे लेबल पाहून मुळीच नाही. साध्या डिस्कवरील मजकूर यंत्रात घालून तो ९६,००० च्या साच्यात फुगवता येतो. भाकरी तेवढीच, परात मोठी. ऑडॅसिटी नावाचा एक मोफत प्रोग्राम संगणकावर घेऊन फाइलीचा वर्णपट काढला, की असे सोंग उघडे पडते. आलेख २२,००० जवळ विळ्याने कापल्यासारखा थांबला तर माल डिस्कचा, आणि १६,००० च्या आसपास थांबला तर बहुधा एखाद्या जुन्या एम-पी-थ्रीचा. कोणत्या वर्षीचे मुद्रण, कोणत्या फितीवरून अथवा तबकडीवरून उतरवले, हे जो प्रकाशक छापतो त्याच्यावर भरवसा ठेवावा. जुन्या तबकड्यांच्या बाबतीत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या मुंबईच्या संस्थेचे आणि सुरेश चांदवणकरांचे ऋण मोठे आहे. कोणती तबकडी कोणती, हे त्यांच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’मधून पुष्कळ कळते. तारेवरून येणाऱ्या संगीताची सोयही आता बरी झाली आहे. अ‍ॅपल म्युझिकने २०२१ मध्ये जादा दाम न घेता न छाटलेला ध्वनी देण्यास आरंभ केला. मात्र तो ब्लूटूथने स्पीकरकडे पाठवला की वाटेतच पुन्हा छाटला जातो, एवढे ध्यानात असू द्यावे. वायर जोडलेली बरी.

आणि कानाची कसोटी? आमची कसोटी तंबोरा. काळी एकचा खर्ज सुमारे ७० कंपनांचा. तार छेडून क्षणभर थांबले की त्याच्या पाचपटीवर, साडेतीनशेच्या जवळपास, स्वयंभू गांधार उमटतो. त्यावर जवारीची ती झिलमिल अनेक हजार कंपनांपर्यंत पसरत जाते. ज्या मुद्रणात गवयाच्या मागे हा गांधार स्पष्ट जागतो, ते चांगले. तो आपल्या झिजलेल्या कानांनाही ऐकू येतो, हा देवाचा अनुग्रह. किशोरी आमोणकरांच्या भूप-बागेश्रीच्या एल. पी.ची एखादी नीट राखलेली प्रत आणि तिचेच दाबून मोठे केलेले रूप लागोपाठ ऐकून पाहावे. दुसऱ्यात तंबोरा जणू भिंतीपलीकडे गेलेला असतो.

खोलीविषयी थोडेच बोलतो, कारण येथे खर्च नाही आणि लाभ सर्वाधिक आहे. आपल्या क्वार्टरांतील बैठकीची खोली म्हणजे काँक्रीटचे छत, चुन्याच्या भिंती आणि उघडी फरशी. टाळी वाजवून पाहा, मडक्यात वाजवल्यासारखी वाटेल. जाड सतरंजी, खिडकीला पडदा आणि मागच्या भिंतीला पुस्तकांचे कपाट एवढ्याने त्या खोलीचा स्वभाव पालटतो. दोन्ही स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे, कानाच्या उंचीवर, आणि आपण त्यांच्याशी समभुज त्रिकोण साधून बसलेले. स्पीकर शोकेसच्या कप्प्यात गणपतीशेजारी ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. गणपती तेथेच असू द्यावा, स्पीकर बाहेर काढावेत.

इतके बोलून झाल्यावर कोणी विचारील की, मग २४ बिट आणि ९६,००० यांचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो फार मोठा आहे. ऐकणाऱ्यापेक्षा उतरवून घेणाऱ्याला तो अधिक आहे. पातळी थोडी खालीच ठेवून मुद्रण केले, तरी २४ बिटांत हळुवार स्वर हरवत नाही आणि अचानक आलेली टाळी फाटत नाही. तबकडीचा ‘टक्’ आवाज वेगवान मोजणीत टोकदार दिसतो, म्हणून पुढे नेमका वेचून काढता येतो. ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना म्हणूनच जुन्या फिती उतरवताना २४ बिट व किमान ४८,००० मोजणी धरते, आणि ९६,००० ची शिफारस करते.

आणि येथे आपण कपाटापाशी आलो. मंडळाच्या कार्यालयातील त्या लोखंडी कपाटात स्पूल आहेत, कॅसेटी आहेत. गणेशोत्सवातली नाटके, कोजागिरीची भावगीते, पाहुण्या गवयांच्या बैठकी. आपल्यापैकी ज्या घरांत टेपरेकॉर्डर होता, त्या घरांतही अशी खोकी माळ्यावर असतील. खैरागढचे संगीत विश्वविद्यालय येथून दूर नाही. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाचे कुलगुरुपद आपल्याच श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांनी भूषविले होते. तेथून येणारी आणि नागपूरकडून येणारी मंडळी या गावात गाऊन गेली. त्यांपैकी कोणाचे ध्वनिमुद्रण कोणत्याही कंपनीने विकायला काढलेले नाही, काढणारही नाही. जगात त्याची प्रत एकच, आणि ती चुंबकीय भुकटी लावलेल्या प्लास्टिकवर, भिलाईच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात.

हे काम आटोक्यातले आहे. साठ मिनिटांची कॅसेट या प्रमाणात उतरवली तर सुमारे २ गिगाबाइट जागा लागते; एक टेराबाइटच्या चकतीत जवळपास पाचशे तास मावतील, आणि फ्लॅक नावाच्या पद्धतीने बांधले तर काहीही न छाटता त्याहूनही अधिक. मूळ उतरवण्यावर कोणतीही पुसापुशी करू नये; ऐकण्यासाठी साफ केलेली प्रत वेगळी ठेवावी. प्रती तीन असाव्यात, आणि त्यांतील एक भिलाईबाहेर.

कठीण आहे ते नावांचे. पुष्कळ वेष्टनांवर ‘गणपती, दुसरा दिवस’ एवढेच लिहिलेले आहे. कोणते वर्ष, पेटीवर कोण, मध्येच ‘वा!’ म्हणणारा आवाज कोणाचा, हे सांगू शकणारी माणसे आज ऐंशीच्या पुढची आहेत आणि त्यांतील कित्येक आत्ता समोर बसली आहेत. म्हणून फीत उतरवताना त्यांना शेजारी बसवावे आणि ती जे सांगतील तेही त्याच वेळी मुद्रित करावे, असा प्रस्ताव आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवला आहे.

ज्यांच्याकडे फिती असतील त्यांनी त्या स्वतः वाजवून पाहू नयेत. वर्षानुवर्षे पडून असलेली फीत पहिल्याच फेऱ्यात तुटण्याची भीती असते. कॅसेटच्या आतली नमद्याची लहानशी गादी गळून पडलेली असली तरी फीत वाया जात नाही, ती दुसऱ्या कवचात बसवता येते. तेव्हा स्क्रूने उघडणारी एखादी कोरी किंवा निकामी कॅसेट घरात असेल, तर ती टाकून न देता अवश्य बरोबर आणावी.