विहिरी आणि वह्या

आयर्लंडमधील पवित्र विहिरींविषयी बोलावयाचे तर प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. विहीर म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मोट, धाव आणि पायऱ्या उभ्या राहतात. तेथील पवित्र विहीर म्हणजे बहुधा दगडांनी बांधून घेतलेला लहानसा झरा. शेजारी एखादे काटेरी झाड आणि त्याच्या फांद्यांना बांधलेल्या चिंध्या. अशी सुमारे ३,००० स्थाने त्या बेटावर आहेत. कोणती डोळ्यांच्या विकारावर, कोणती दातदुखीवर, तर केरी परगण्यातील एक चक्क वेडावर गुणकारी मानली जाई. चिंधी जसजशी कुजेल तसतसे दुखणे उतरेल, अशी समजूत.

यात्रेकरू फेऱ्या घालतो त्या सूर्याच्या गतीने, विहीर उजव्या हाताला ठेवून. त्या दिशेला आयरिश भाषेत ‘देशल’ म्हणतात. हा शब्द आणि आपल्या प्रदक्षिणेतील ‘दक्षिण’ यांचे मूळ एकच. इंग्रजी अमदानीत १७०४ च्या कायद्याने विहिरींवर जमणाऱ्यांना दंड ठरविला. पुढे जत्रांतील मद्यपान व मारामाऱ्या पाहून खुद्द धर्मगुरूंनीही नाके मुरडली. विहिरी टिकल्या.

खरा घाला पडला तो भाषेवर. १८४५ पासूनच्या महादुष्काळात आणि त्यानंतरच्या देशांतरात आयरिश बोलणारी कित्येक खेडी ओस पडली. राहिले ते म्हातारे. आणि त्यांच्याबरोबर सारेच जाणार हे दिसत होते. स्वतंत्र झालेल्या त्या देशाच्या सरकारने १९३५ साली लोकविद्या आयोग स्थापन केला. पुढे १९३७ ते १९३९ या काळात शाळांतील वरच्या वर्गांच्या मुलांना सांगण्यात आले, की नेहमीच्या निबंधाऐवजी घरच्या व शेजारच्या वृद्धांना विचारा आणि लिहून आणा. काय विचारावे याची पुस्तिका आयोगाचे शॉन ओ सूलिवान यांनी शिक्षकांसाठी तयार केली. सुमारे ५,००० शाळा व ५०,००० हून अधिक मुले या कामी लागली.

सरकारी खात्यात वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याला या योजनेचा हेवा वाटतो. खेड्यात सरकारी माणूस येतो तो बहुधा वसुलीसाठी नाही तर मोजणीसाठी. म्हातारी माणसे त्याच्यापुढे तोंड उघडत नाहीत. येथे प्रश्न विचारणारा घरातला नातूच होता!

झऱ्याचा अपमान झाला की तो रागावून जागा बदलतो, ही कथा या वह्यांत पुनःपुन्हा भेटते. कोणी त्यात मळके कपडे धुतले. दुसऱ्या दिवशी झरा कोरडा, आणि पलीकडच्या शेतात पाणी फुटलेले. पिण्याचे पाणी स्वच्छ राखण्याची ही युक्ती होय, असे एखादा आरोग्याधिकारी म्हणेल. असेलही, पण त्याच्या फलकाला कोणी इतके भ्याले नसते.

म्हणींचीही तीच श्रीमंती. ‘माणसे एकमेकांच्या सावलीत जगतात,’ अशी एक प्रसिद्ध म्हण आहे. मूळ ‘स्काह’ या शब्दाचे सावली आणि आसरा असे दोन्ही अर्थ होतात. मराठीतही तसेच असल्यामुळे आपल्याकडे येताना ती झिजत नाही.

मुलांनी लिहिलेला हा संग्रह आज डब्लिनच्या विद्यापीठात आहे. आयोगाच्या समग्र संग्रहाला २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटात स्थान मिळाले. पुष्कळ वह्यांत मुलाच्या नावाखाली सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि वयही नोंदलेले आहे. विहीर कोणाच्या शेतात, कुंपणापासून किती अंतरावर, हेही कित्येकांनी लिहून ठेवले. त्यातले काही झरे पुढे बुजले. ते कोठे होते, हे आज त्या वहीवरूनच कळते.